जामीन कोण राहतंय?

"काका, तुम्ही हप्त्यावर काहीच कसं घेत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ऑफिसातली मुलं विचारतात, भाचे विचारतात, परवा लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांनीही विचारलं. मोबाइलपासून फ्रीजपर्यंत सगळं हप्त्यावर मिळतं आणि मी पैसे साठवून रोख घेतो. माझ्याबरोबर नोकरीला लागलेले डोंबिवली, विरारला फ्लॅट घेऊन कधीच स्थिरावले. मी अजून लालबागला, चाळीतल्या त्याच खोलीत. चारचौघांत घराच्या, गाडीच्या गोष्टी निघाल्या की मला बोलायला काही नसतं, आणि ते परकेपण लागतं मनाला.

कुणी मला कंजूस समजतं, कुणी तत्त्वाचा माणूस. मी दोन्ही नाही. मी एकदा कर्ज घेतलं होतं.

1994 साल. फोर्टमधल्या एका कंपनीत होतो. तिथल्या नोकरदारांची पतपेढी होती, आम्ही नुसतं 'सोसायटी' म्हणायचो. भावाला एसटीडी बूथ टाकून द्यायचा म्हणून 25 हजार उचलले. शेजारच्या टेबलावरचे अण्णा जामीन राहिले. फॉर्म न वाचताच त्यांनी सही केली. दीड वर्षाने मला दुसरीकडे जास्त पगाराची नोकरी लागली, मी गेलो. बूथ काही चालला नाही. बघू पुढच्या महिन्यात, असं करत सोसायटीच्या पत्रांना मी उत्तरच दिलं नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, 1872 च्या करार कायद्यापासून तसंच आहे. आणि सभासदाने लिहून दिलेलं असलं की कंपनी त्याच्या पगारातून परस्पर कापून सोसायटीला देते. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. फॉर्मवर छापलेलं होतं.

एका संध्याकाळी अण्णा व्हीटीला भेटले, पासाच्या रांगेत. प्लॅस्टिकच्या पाकिटातून जुना पास काढताना चार घड्या घातलेली पगाराची स्लिप खाली पडली. मी उचलली. कपातीत प्रॉव्हिडंट फंड, प्रोफेशन टॅक्स आणि त्याखाली 'सोसायटी (जामीन) 600'. घडीवर शाई पुसट झाली होती, तरी आकडा वाचता येत होता. सात महिने कापले जात होते. अण्णांनी स्लिप माझ्या हातातून घेतली, पाकिटात सरकवली आणि म्हणाले, "भाऊ काय म्हणतो? बूथ चाललाय ना?"

मला तोंडातून शब्द काढता आला नाही.

त्यांचे पैसे मी फेडले, दोन वर्षं लागली. व्याजाचं त्यांनी नावही काढलं नाही. पण त्या वर्षी त्यांच्या मुलीची दहावी होती, आणि तिचा क्लास मध्येच सोडावा लागला होता. हे अण्णांनी नाही, वहिनींनी सांगितलं, तेही फार नंतर. तिला मी तिच्या लग्नात पाहिलं तेव्हा आहेराचं पाकीट हातात देताना मान वर करता आली नाही. तेव्हापासून कुणाकडून एक रुपया उसना घेतला नाही.

मागच्या वर्षी मुलाने बदलापूरला घर बघितलं. बँकेत त्याच्याबरोबर गेलो तर तिथल्या मुलीने माझाही सिबिल स्कोअर काढला. उणे एक. म्हणजे नोंदच नाही. "काका, तुम्ही कधीच कर्ज घेतलं नाहीत?" तिने आश्चर्याने विचारलं. अण्णांच्या पगारातले सहाशे तिच्या स्क्रीनवर कुठून दिसणार? "घेतलं होतं," एवढंच म्हणालो.

मुलाला वाटत होतं, बाबा आता नको म्हणणार. पण मुंबईच्या आसपास पगारदाराला कर्जाशिवाय घर होत नाही, हे मलाही कळतं. मी विचारलं, "जामीन कोण राहतंय?"

"कोणी नाही, बाबा. घरच तारण आहे."

"मग कर सही," मी म्हटलं, आणि खिशातलं पेन त्याला दिलं.