तलावपाळीची प्रदक्षिणा, फक्त रंग बघून : कॅरेक्टर चालवण्याच्या स्क्रिप्टची प्रगती

मागच्या नोंदीपर्यंत कॅरेक्टर एका रंगीत खांबापर्यंत सरळ चालत जाऊन थांबत होतं. आता ते गेममध्ये बांधलेल्या ठाण्याच्या तलावपाळीची, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाची, पूर्ण प्रदक्षिणा घालतं, दिवसाही आणि रात्रीही, आणि मधे कीबोर्डला कुणी हात लावत नाही. कसं जमलं ते सविस्तर लिहितो, कारण इथल्या बऱ्याच जणांचं घोडं नेमकं खांब दिसण्यापाशीच अडलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात मांडणी सांगतो. गेम लुआंटी, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला माइनटेस्ट म्हणत होते तोच. फुकट आणि मुक्त स्रोत. सर्व्हर आमच्या नौपाड्यातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि त्यावर माझा भाचा आणि त्याचे मित्र ठाणं बांधतायत. मासुंदा तलाव जवळपास पुरा झालाय : मधल्या बेटावर शंकराचं देऊळ, काठावर गडकरी रंगायतन, पलीकडे कोपिनेश्वराचा कळस. तलावाभोवतीच्या फुटपाथवरून स्क्रिप्टने कॅरेक्टर चालवायचं आणि त्यासाठी फक्त पडद्यावरचे पिक्सेल वापरायचे, एवढाच नियम मी घालून घेतलाय. लुआंटीच्या आतच रस्ता शोधून देणारं फंक्शन आहे, ते वापरलं तर हे काम एका संध्याकाळी उरकेल. पण मला उत्सुकता आहे ती बघून चालण्याची. माणूस पाळीवर फेरी मारतो तेव्हा त्याच्याजवळ नकाशातले आकडे नसतात, समोर जे दिसतं तेवढंच असतं.

आणखी एक गोष्ट पहिल्यापासून स्पष्ट असलेली बरी. हे सगळं स्वतःच्या सर्व्हरवर, तिथे खेळणाऱ्या सगळ्यांना सांगून करायचं. सार्वजनिक ऑनलाइन गेममध्ये बॉट चालवणं बहुतेक ठिकाणी नियमाबाहेर आहे. खातं बंद होतं ते वेगळंच, पण मुख्य म्हणजे तिथे दुसऱ्या माणसांनी स्वतःचे तास घातलेले असतात. त्यांच्या मेहनतीला मशिन लावून मागे टाकण्यात मला काहीच गोडी वाटत नाही. ‘अमुक गेममध्ये चालेल का’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर तेच राहील.

आता रंगाकडे येतो. या कामात सगळ्यात जास्त विचार इथेच लागतो, चालवण्याचा कोड त्यामानाने किरकोळ आहे.

पहिला मुद्दा, लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे धरून रंग शोधू नका. खांबावर सावली पडली की तिन्ही आकडे एकदम खाली येतात आणि तुमची रेंज हुकते. त्याऐवजी चित्र ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू या रूपात बदलून घ्या. ह्यू म्हणजे रंग कोणता, सॅच्युरेशन म्हणजे रंग किती भडक की फिका, व्हॅल्यू म्हणजे किती उजळ. मॅजेन्टाचं उदाहरण घ्या. भर उजेडात तो २५५, ०, २५५ असतो. उजेड निम्मा झाला की १२८, ०, १२८ होतो. आकडे निम्म्यावर आले, पण दोन्हींचा ह्यू एकच, ३०० अंश. ओपनसीव्हीमध्ये (चित्रातलं काही शोधायला वापरतात ती कोडची लायब्ररी) ह्यू ० ते १७९ असा निम्मा करून ठेवलेला असतो, म्हणून तिथे १५० दिसेल. मी १४३ ते १५७ धरतो आणि सॅच्युरेशन २५५ पैकी २०० च्या वर मागतो. लाल रंग शक्यतो टाळा. तो ह्यूच्या दोन्ही टोकांना सांडतो, शून्याच्या बाजूलाही आणि १७९ च्या बाजूलाही, त्यामुळे दोन रेंज लावून दोन मास्क (रेंजमधले पिक्सेल पांढरे आणि बाकी काळे असं चित्र) जोडावे लागतात.

मॅजेन्टा घेण्याचं कारण सरळ आहे : गवत हिरवं, पाणी आणि आभाळ निळं, माती तपकिरी, पण मॅजेन्टा त्या जगात कुठेच सापडत नाही. त्याची एक खोड मात्र लक्षात असू द्या. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने ठेवतं. क्रम उलटा लागला तरी मॅजेन्टाच्या बाबतीत काहीच बिघडत नाही, कारण त्यात लाल आणि निळा सारखेच असतात. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत राहतं आणि मग दुसरा रंग आणला की तो सापडतच नाही, नारिंगी थेट निळा होऊन बसतो. म्हणून पहिल्या दिवशीच एक नारिंगी ठोकळा समोर ठेवून मास्क तपासून घ्या.

दुसरा मुद्दा उजेडाचा. गेममधला दिवस वीस मिनिटांत संपतो, त्यामुळे सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्र अशी सगळी परीक्षा एका चहात होते. लोकरीचे रंगीत ब्लॉक लावले तर दुपारी झकास दिसतात. पण लुआंटी ब्लॉकच्या प्रत्येक बाजूला वेगळी छटा देतं, माथा उजळ, कडेच्या बाजू मंद आणि त्यातही दोन दिशांच्या बाजू वेगळ्या. शिवाय लोकरीच्या टेक्स्चरला स्वतःचे धागे असतात. रात्री व्हॅल्यू फार खाली गेली की ह्यूवर भरवसा राहत नाही, एखाद-दुसऱ्या आकड्याच्या फरकाने तो भलतीकडे उडी मारतो. यावरचा उपाय मला फार आवडला. छोटा मॉड, म्हणजे गेमला जोडायचा कोड, लिहून स्वतःचा ब्लॉक बनवला, सोळा बाय सोळाचं सपाट एकरंगी टेक्स्चर दिलं आणि त्याला प्रकाश देणारा करून लाइट सोर्स १४ ठेवला. प्रकाश देणाऱ्या ब्लॉकच्या बाजूंना गेम छटा देत नाही. मग चारी बाजू आणि माथा एकाच रंगाचे दिसतात, आणि मध्यरात्रीही तो तसाच राहतो. मास्क उघडून बघितला तेव्हा काळ्या पडद्यावर एकच पांढरा, कडा धारदार असलेला चौकोन होता, बाकी एक ठिपकाही नाही. किती वेळ बघत बसलो होतो!

खांबाची उंचीही महत्त्वाची. रंगीत ब्लॉक जमिनीपासून दुसऱ्या थरावर ठेवा. कॅरेक्टरचे डोळे त्याच पातळीवर असतात, त्यामुळे जवळ जाताना खांब फ्रेमच्या खालून निसटत नाही. आणि स्क्रिप्ट सुरू करण्याआधी एफ-वन दाबून खालची पट्टी, हातातली वस्तू आणि मधली फुली घालवा. खांब बरोबर मध्यावर आला की ती फुली नेमकी त्याच्यावर बसते आणि लांबचा लहानसा चौकोन दोन तुकड्यांत फाटतो.

अंतर मोजायला मी क्षेत्रफळ घेत नाही, उंची घेतो. ठोकळा कोपऱ्याकडून दिसला तर त्याची रुंदी १.४ पटीपर्यंत वाढते, उंची मात्र तेवढीच राहते. माझ्या १२८० बाय ७२० च्या खिडकीत पाच ब्लॉकवरचा खांब साधारण १०० पिक्सेल उंच दिसतो, दहावरचा ५०, पंधरावरचा ३३. अंतर दुप्पट, उंची निम्मी. १६५ च्या वर गेला की पोचलो असं समजायचं, तेव्हा खांब तीन ब्लॉकवर असतो.

तलावामुळे एक मजेशीर अडचण येते. सरळ रस्त्यावर पुढचा एकच खांब दिसतो, पण तलावपाळीवर पाण्यापलीकडचे सगळे खांबही दिसतात. कॅरेक्टर घड्याळाच्या दिशेने फिरतं, तलाव उजव्या हाताला. पुढचा खांब शोधायला ते उजवीकडे वळलं की समोर अख्खं पाणी आणि पैलतीरावरचे दिवे. तिकडचा खांब पकडला तर थेट तलावात. म्हणून दोन गोष्टी केल्या. खांब बारा-बारा ब्लॉकवर ठेवले, म्हणजे पुढचा खांब ३३ ते ४० पिक्सेल उंच दिसणार, आणि ३० पेक्षा कमी उंचीचं काहीही बादच करायचं. पैलतीरावरचे खांब चाळीसहून जास्त ब्लॉक लांब आहेत, ते बारा पिक्सेलच्या वर येत नाहीत.

दुसरी गोष्ट, खांबांचे रंग आळीपाळीने : मॅजेन्टा, नारिंगी, मॅजेन्टा, नारिंगी. मॅजेन्टापाशी पोचलं की फक्त नारिंगी शोधायचा. त्यामुळे शेजारीच उभा असलेला जुना खांब परत परत पकडला जात नाही, आणि त्याच रंगाचा पुढचा खांब चोवीस ब्लॉक लांब, म्हणजे २० पिक्सेल, म्हणजे आपोआप बाद. प्रदक्षिणा बंद व्हायची तर एकूण खांब सम संख्येत हवेत, नाहीतर जिथे वर्तुळ जुळतं तिथे एकाच रंगाचे दोन शेजारी येतात आणि कॅरेक्टर तिथेच गोल फिरत राहतं.

नारिंगीने मात्र त्याचे हट्ट दाखवले. शुद्ध नारिंगीचा ह्यू ओपनसीव्हीत १५ येतो, आणि संध्याकाळी गेमच्या क्षितिजावर नेमका तोच पट्टा पसरतो. मासुंद्याच्या पश्चिमेला वळलं की आभाळच खांब! सॅच्युरेशनची अट बरंचसं गाळते. उरलेलं आकाराने गाळलं : रुंदी उंचीच्या दीडपटीहून जास्त असेल तर तो खांब नव्हे. कोपऱ्यातून दिसणारा ठोकळाही १.४ च्या पुढे जात नाही, म्हणून दीडची रेघ सुरक्षित आहे. क्षितिजाचा पट्टा तर पडदाभर रुंद असतो.

याच रंगावरून भाच्याशी वाटाघाटीही झाल्या. बोटिंगच्या धक्क्याला त्याने नारिंगी लोकरीच्या बोटी बांधल्या होत्या. “मामा, तुझा रंग तू बदल ना, बोटी आधीपासून आहेत,” हे त्याचं म्हणणं रास्त होतं. पण रंगाच्या चाकावर मॅजेन्टापासून लांब, गवतापासून लांब आणि पाण्यापासूनही लांब अशी जागा नारिंगीशिवाय उरत नाही, हे त्याला मास्क दाखवून समजावलं. त्याला ते पटलं, एवढंच नव्हे तर त्याने बोटी पांढऱ्या केल्या आणि त्यावर निळी पट्टी ओढली. आता त्या आधीपेक्षा जास्त छान दिसतात.

वळण्याबद्दल थोडं. खांबाचा मध्य पडद्याच्या मध्यापासून किती पिक्सेल सरकलाय यावरून कोन काढायचा. पिक्सेल आणि कोन सरळ प्रमाणात नसतात, टॅन्जेन्ट उलटा लावावा लागतो, नाहीतर कडेचा खांब पकडताना कॅरेक्टर जास्त वळतं. निघालेल्या कोनाचा साठ टक्के भागच एका वेळी वळायचं. पूर्ण वळलं तर ते डावी-उजवीकडे डुलत चालतं, कारण चित्र घेतल्यापासून माउस हलेपर्यंत वेळ जातो आणि तोवर दृश्य जुनं झालेलं असतं. दोन अंशांच्या आतला फरक सोडून द्या.

तो वेळही कमी करता येतो. माउस आणि कीबोर्ड कोडने चालवणारी लायब्ररी, पायऑटोजीयूआय, प्रत्येक आज्ञेनंतर मुद्दाम ०.१ सेकंद थांबते, तो थांबा शून्य करा. तिचा स्क्रीनशॉटही संथ आहे, त्याऐवजी एमएसएस ही फक्त स्क्रीनशॉट घेणारी लायब्ररी वापरा आणि पूर्ण पडद्याऐवजी गेमच्या खिडकीचा मधला पट्टाच घ्या. २५.१० च्या आधीच्या उबुंटूवर चित्र पूर्ण काळं येत असेल तर लॉगिनच्या वेळी वेलँडऐवजी झॉर्ग (दोन्ही पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणाली) निवडा.

सुरक्षेचं एक : पायऑटोजीयूआयमध्ये माउस कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते, पण हा गेम माउस सारखा मध्यावर ओढून आणतो, त्यामुळे कोपरा गाठताच येत नाही. बटण दाबलं का हे ऐकणारा वेगळा थ्रेड, म्हणजे मुख्य कोडच्या बरोबरीने चालणारा भाग, ठेवा, माझ्याकडे एंड बटणावर सगळं थांबतं. आणि स्क्रिप्ट कशीही बंद पडली तरी शेवटी डब्ल्यू, म्हणजे पुढे चालण्याचं बटण, सोडण्याची ओळ चाललीच पाहिजे, नाहीतर दाबलेलं बटण दाबलेलंच राहतं आणि कॅरेक्टर चालत राहतं.

सध्या अडतंय ते गर्दीत. भाच्याचे मित्र खांबासमोर उभे राहिले की चौकोन अर्धा झाकला जातो, उंची घटते आणि खांब ‘लांब’ ठरून बाद होतो. आत्ता मी खांब हरवल्यावर अर्धा सेकंद आहे त्याच दिशेने चालू देतो, मग थांबून उजवीकडे शोध. डब्ल्यू दाबूनही सेकंदभर उंची बदलली नाही तर उडी, तरीही नाही तर एक पाऊल डावीकडे. गडकरीच्या कोपऱ्यावर नाटक सुटल्यासारखी पोरं जमतात तिथे एवढंही पुरत नाही. यावर कुणी चांगली तोड काढली असेल तर सांगा.

पुढचा टप्पा खांबांशिवाय चालण्याचा. फुटपाथच्या राखाडी फरशीला सॅच्युरेशनच नाही, त्यामुळे तिथे ह्यू कामाचा नाही. ठाणे स्टेशनच्या फलाटावर दृष्टिहीनांसाठी उंचवट्यांची पिवळी पट्टी असते, तशी पट्टी पाळीभर टाकायची कल्पना भाच्यानेच काढली, आणि गडकरीच्या बाजूने त्याने ती घालायला सुरुवातही केलीय. फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागात त्या पट्टीचा मध्य शोधून तिच्यावरून चालायचं आहे. पिवळ्याचा ह्यू ३० येतो, नारिंगीपासून पंधराच घरं लांब, त्यामुळे आधी दोन्ही रेंज अरुंद करून बघतोय.