गढी की नुसती पांढर?

खानदेशात गावाकडेला उंचवटा दिसला की लोक 'गढी' म्हणून मोकळे होतात. त्यातली बरीच टेकाडं निव्वळ जुन्या वस्तीची, म्हणजे पांढर, असतात. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे घ्या. १९५५ साली तिथे उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर एकावर एक निघाले. ते टेकाड कुणी बांधलं नव्हतं, माणसं राहता राहता चढत गेलं.

फरक कळायला खणावं लागत नाही. पावसाने किंवा जेसीबीने कापलेली उभी कड पुरते. वस्तीचे थर आडवे असतात: राख, चुलीची भाजलेली लाल माती, सारवलेल्या जमिनीच्या पातळ पट्ट्या. तटाचा भराव तिरका उतरतो, माती कालवलेली असते आणि त्यात सगळ्या काळांची खापरं एकत्र सापडतात, कारण शेजारची जुनी पांढर उकरूनच तट घालत. म्हणून जुनं खापर मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. भरावातलं सर्वांत नवं खापर कोणतं ते बघा, तट त्याच्यानंतरचाच.

लाकडी कुडाची, म्हणजे खांब रोवून केलेल्या भिंतीची, खूण शोधणं जास्त अवघड. सागवान असलं तरी उधई सोडत नाही. उरतो तो काळपट मातीने भरलेला खळगा. खांबाच्या खळग्याच्या कडा सरळ असतात, बुडाशी कधी ठेचून बसवलेले दगड मिळतात. घुशीचं बीळ मात्र वाकडंतिकडं जातं. काळ्या मातीत उन्हाळी भेगांतून वरचा माल खाली घसरतो, तिथे तर फारच जपून. एकट्या खळग्यावरून कूड म्हणू नये, सारख्या अंतराची रांग हवी.

बुजलेला खंदक मार्चच्या सुमारास पिकातून दिसतो. भरावात ओल टिकते, त्यामुळे आजूबाजूचा गहू पिवळा पडला तरी तो पट्टा हिरवा राहतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बुरुजावरून बघावं.

नासधूस मुख्यतः पायथ्याशी होते. घरांच्या धाब्यांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, टाकायला पांढरी माती खालूनच उकरत, मग बुरूज अधांतरी राहून पावसाळ्यात कोसळे. आता गुप्तधनवाले खणतात. (१८७८च्या कायद्याने दहा रुपयांवरचं पुरलेलं धन कलेक्टरला कळवावंच लागतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.)

घळ पडली तर सिमेंट लिंपू नका. मागे पाणी तुंबून माती फुगते आणि सिमेंटसकट ढासळते. तीच माती पातळ थरांनी ठोकून भरा, वर गवत रुजवा. वेडी बाभूळ बुडाशी कापा, उपटू नका. मुळांबरोबर अर्धा बुरूज बाहेर येतो.