फळ्यावर नोंदलेले ३००० कार्षापण

यंदा नाशिकच्या पांडवलेणीवर गेलो ते एका ओळीसाठी. सकाळी सातला पायऱ्या चढायला लागलो तेव्हा खाली महामार्गावर ट्रकांची घरघर सुरू झाली होती. वर पोहोचल्यावर कुठेही न रेंगाळता थेट दहाव्या लेण्यात शिरलो.

हे विहार नहपान क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, जावई उषवदात याने कोरवून घेतलं. ओसरीच्या एका टोकाला भिक्षूच्या खोलीचं दार आहे आणि दारावर ब्राह्मी अक्षरं. मोबाइलचा उजेड समोरून टाकला तर काहीच उमगत नाही. तोच बाजूने धरला की खाचांत सावली भरते आणि एकेक अक्षर उठून येतं.

लेखातलं वर्ष ४२, महिना वैशाख. साधारण १९०० वर्षांपूर्वीचा हा मजकूर. उषवदाताने लेणं संघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, अक्षय ठेव. ही रक्कम ठेवली कुणाकडे, तर गोवर्धनच्या विणकरांकडे! लेखातला शब्द ‘कोलिकनिकाय’, म्हणजे विणकरांची श्रेणी, त्या व्यवसायातल्यांचा संघ. एका श्रेणीकडे २०००, महिन्याला शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं.

तिथेच बसून हिशेब मांडला. २००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख सांगतो, वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस बारे दोनशे चाळीस. एका नाण्याचाही फरक नाही. भिक्षूंच्या अंगावरच्या कापडाचा पैसा कापड विणणाऱ्यांच्याच हातून यायचा, हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ त्या दाराकडे बघत बसलो.

मग माझी ओळ आली. “एत च सव स्रावित निगमसभाय निबध च फलकवारे चरित्रतो ति.” हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवलं.

म्हणजे सभागृह होतं. तिथे माणसं जमत, ठेवीच्या अटी मोठ्याने वाचल्या जात आणि त्या फळ्यांवर चढत. आपण ज्या दगडाला मूळ दस्तऐवज मानतो ती नक्कल आहे. अस्सल नोंद त्या सभेत होती.

याच लेण्याच्या अंगणात तिसऱ्या शतकातला आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाची शक उपासिका आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव ठेवते आणि तीही गोवर्धनच्याच श्रेण्यांकडे. त्यात तेलाचे घाणे चालवणारे आहेत, पाण्याची यंत्रं करणारे ‘ओदयंत्रिक’ आहेत. मधल्या काळात काय नाही झालं? सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाण्यावरचा राजा बदलला, तरी पैसे ठेवायला लोक गोवर्धनच्या कारागिरांकडेच येत राहिले. मला हे फार मोठं वाटतं. उषवदाताचं नाव पाठ्यपुस्तकात येतं. त्याच्या पैशाची जबाबदारी पेलणाऱ्या विणकरांपैकी एकाचंही नाव या लेखात नाही.

दुपारी गंगापूर रस्त्याने गोवर्धनला गेलो. अभ्यासक जुनं गोवर्धन याच भागात मानतात. सभा बहुधा लाकडी खांबांवर उभी असेल, फलक तर लाकडाचेच असणार. इतक्या पावसाळ्यांनंतर काही उरेल ही आशा नव्हतीच, तरी गोदाकाठाने चालत राहिलो. झाडाखाली बसलेल्या एका आजींनी विचारलं, “काय शोधतोस रे बाबा?” म्हटलं, “आजी, इथे फार पूर्वी विणकरांची सभा भरायची. ती जागा बघायची होती.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माग तर मी इथं कधी बघितला नाही. कोण होते ते?”

मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांना २० भिक्षूंचा हिशेब पहिल्यापासून सांगितला.