अखडलेला कोपर सोडवून घेतल्यावर

भूल असताना ऑपरेशनच्या टेबलावर १२० अंशांपर्यंत (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य) वाकलेला हात तिसऱ्या दिवशी ९० लाच अडतो. तेव्हा माझा धीर सुटला होता, पण त्यात ऑपरेशन फसल्यासारखं काही नसतं. सांध्यात रक्त-पाणी साठलेलं असतं, वाकायला जागाच उरत नाही. म्हणून पहिले आठ-दहा दिवस व्यायामाइतकंच सूज उतरवायला महत्त्व. हात उशीवर छातीपेक्षा उंच, बोटांची उघडझाप दर तासाला, आणि व्यायामानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं.

वाकवण्याचा सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे उताणं झोपून दंड छताकडे सरळ उभा धरायचा आणि मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देत पंजा हळूहळू कपाळाकडे सोडायचा. ओढायचं नाही, वजनानेच येऊ द्यायचं. ताण जाणवला की तिथेच दहा आकडे मोजून थांबायचं. हात सरळ करण्यासाठी टेबलाशी बसून, आपल्या सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी कोपराच्या जरा वर दंडाखाली ठेवायची, तळवा वर, आणि पुढचा हात खाली लोंबू द्यायचा. एकदाच तासभर झटण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. इथे बहुतेकजण स्वतःलाच फसवतात: खांदा उचलतात, मान हाताकडे झुकवतात आणि ‘तोंडाला हात लागला’ म्हणतात. आरशासमोर बसा, किंवा फिजिओकडून कोनमापकाने मोजून घ्या. सकाळचा कोपर संध्याकाळपेक्षा ताठ असतो, म्हणून मोजमापाची वेळ रोज एकच ठेवा.

स्क्रूचा स्प्लिंट, म्हणजे स्क्रू फिरवून कोपर ताणून धरणारा पट्टा, जखम सुकल्यावर मिळतो. ताण येईपर्यंत फिरवायचा, सैल वाटलं की आणखी थोडा. ३० मिनिटं, दिवसातून तीनदा. दुखून स्नायू आवळला, तर जास्त फिरवलाय. मे महिन्यात आत घामोळं उठतं, खाली सुती मोजा हवाच.

आणि मालीश. ‘तेल लावून एकदा जोर दिला की सुटतो,’ असं सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्याला कोपरापासून नमस्कार करा. जोराने रेटलं की स्नायूत रक्त उतरतं आणि तिथे नवं हाड धरू शकतं, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ते धरू नये म्हणूनच काहींना इंडोमेथासिनच्या गोळ्या देतात. त्या जेवणावरच घ्यायच्या. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील आणि वाकवताना त्या वाढत असतील, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोपरामागून जाणारी नस ताणली जात असते. ताप किंवा टाक्यांतून पाणी आलं तरी तसंच.

३० ते १३० अंश एवढी हालचाल मिळाली की रोजची बहुतेक कामं निभतात. भाकरी मोडून तोंडात घालणं लवकर जमतं. शर्टाची वरची गुंडी आणि फोन कानाला लावणं उशिरा. सुधारणा सहा महिने, कधी वर्षभर चालू राहते. मधेच पंधरा दिवस एकही अंश वाढत नाही, तरी स्प्लिंट सोडायचा नाही.

खरी परीक्षा नळाला पाणी येतं त्या दिवशी. चार-पाच दिवसांनी आलेलं, भरून ठेवायची घाई. हात आपोआप बादलीकडे जातो. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत त्या हाताने तांब्याच भरा.