बोक्याचं युरिनरी खाद्य आणि गावात न येणारं पार्सल

उन्हाळ्यात आमच्या बोक्याची लघवी अडली. नागपूरला नळी घालून मोकळी केली, तपासणीत स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम-फॉस्फेटचे खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, लघवी पातळ आणि किंचित आम्लधर्मी राहिली की हे विरघळतात. त्यासाठी मॅग्नेशियम-फॉस्फरस मोजून घातलेलं युरिनरी खाद्य, शक्यतो ओलं. पाऊचमध्ये 75-80 टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम 10. मांजर पाणी कमीच पितं आणि बोक्याची मूत्रनळी फार अरुंद.

खरा त्रास पुढे. तालुक्याच्या दुकानात साधे कोरडे दाणेच. "मांजरीले एवढं काय लागते जी?" म्हणून दुकानदाराने भलतंच पाकीट पुढे केलं. ऑनलाइन मागवलं, तर पार्सल तालुक्याच्या कुरिअर ऑफिसात येऊन बसलं. मोबाइलवर मेसेज, 'ग्राहक घरी नाही'. मी दिवसभर घरातच होतो! फोन केला तर म्हणे, "तुमच्या गावाले आपली गाडी येत नाही जी." मग ऑर्डर घेतलीच कशाला? बाहेर पारा 45 वर, ते पाऊच टिनाच्या शेडमध्ये, आणि मी उन्हातून पोहोचेपर्यंत पार्सल परतही गेलेलं. आजारी जिवाचं ते औषध होतं. आठवलं की अजून संताप होतो.

तोवर नागपूरच्या मावसभावाने ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती थोडे पाऊच पाठवले, त्यावर निभावलं. पुढची ऑर्डर तालुक्यातल्या ओळखीच्या कृषी केंद्राच्या पत्त्यावर टाकली. दुकान दिवसभर उघडं, पार्सल सुखरूप आलं. गावात गाडी येत नसेल तर पहिल्याच वेळी हे करा.

जुन्या खाण्यात नवीन थोडं थोडं मिसळत आठवड्याभरात बदला. एकदम बदललं आणि बोक्याने खाणंच सोडलं तर यकृतावर येतं. पाऊचमध्ये वरून दोन चमचे पाणी घाला. सुकी मासळी बंद. नुसतं उकडलेलं चिकनही रोजचं पूर्ण अन्न नव्हे, त्यात कॅल्शियम पुरत नाही. आणि हो, लघवी तपासल्याशिवाय हे खाद्य सुरू करू नका. ऑक्झलेटचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे खडे खाद्याने विरघळत नाहीत.

मी रोज वाळूचं घमेलं बघतो. लिंबाएवढा ओला गोळा दिसला की बरं वाटतं. बोका सारखा बसतोय, ओरडतोय आणि वाळू कोरडीच, तर खाद्याच्या भरवशावर राहू नका. रात्र असली तरी गाडी काढा. दीड-दोन दिवसांत जीव जातो.