टिचकी

परवा इंग्लंडमधल्या विचफर्डच्या पॉटरीत एका कमरेएवढ्या कुंडीला मी सवयीनं टिचकी मारली, तर पलीकडे उभ्या असलेल्या एका इंग्लिश आजोबांनीही त्यांच्या समोरच्या कुंडीला मारली. आम्ही एकमेकांकडे बघितलं, त्यांनी भुवया उडवल्या, मी मान डोलावली, झालं संभाषण. या देशात अनोळखी माणसाशी याहून जास्त बोलायचं तर हवामान मध्ये आणावं लागतं.

लेक कॉव्हेंट्रीला असते, तिच्याकडे आलो की नवऱ्याला किल्ले बघायचे असतात आणि मला कुंभारवाडे. तडजोड अशी की एक दिवस त्याचा, एक माझा, आणि गाडी दोन्ही दिवस तोच चालवणार. त्याची तक्रार पॉटरीबद्दल नाहीचे मुळी, रस्त्यांबद्दल आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच कुंपणाची झाडी, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट, समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जात त्या पासिंग प्लेसमध्ये घुसायचं, आणि तो ट्रॅक्टरवाला एक बोट वर करून थँक्यू म्हणणार, फक्त एक बोट, हात नाही. नवरा म्हणतो, "अगं, एवढं करून शेवटी मडकीच बघायची ना?" हो, मडकीच बघायची.

टिचकीची सवय आजीची. मार्च लागला की ती मला घेऊन कुंभारवाड्यात जायची माठ घ्यायला. आजी खरं तर घरात कमी बोलणारी, पण तिथे गेली की तिच्या अंगात यायचं. एक माठ उचलायचा, उन्हाकडे तोंड करून आत डोळा घालायचा कुठे उजेड दिसतो का बघायला, मग बोटाच्या पेरानं वाजवायचं, टण्ण. मग दुसरा. बद्द वाजला की बाजूला. कुंभारीणबाई पदरानं घाम पुसत म्हणायच्या, "आज्जी, समदं वाजवून घेताय, घेणार एकच." आणि आजी म्हणायची, "एकच घ्यायचाय म्हणून तर वाजवतेय." मी तोवर राखेच्या ढिगात फुटक्या खापऱ्या शोधायचे, लगोरीसाठी.

वाजवून बघण्यात आपल्याकडे गोरोबाकाकांचा हात कोणी धरणार नाही. तेरला सगळे संत जमलेत आणि हे थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत चाललेत, कोण भाजलंय, कोण कच्चं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नामदेवांचीच बाजू पटायची, अजूनही पटते. उगाच कोणी डोक्यात थापटणं घातलं तर माणूस चिडेल नाहीतर काय करेल.

तर विचफर्ड. जिम कीलिंग यांनी १९७६ साली सुरू केलेली पॉटरी, सगळ्या कुंड्या हातानं केलेल्या, आणि वर दहा वर्षांची गॅरंटी की थंडीत तडकणार नाही. मला आधी कळेचना की कुंडी थंडीनं कशाला तडकेल. मग लक्षात आलं, मातीच्या छिद्रांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, फुगतं आणि कुंडीचा काठ पापुद्र्यानं सुटतो. म्हणजे आपला कुंभार जीव तोडून माठ झिरपता ठेवतो, झिरपलं नाही तर पाणी गार होणार नाही, आणि इथला कुंभार जीव तोडून पाणी आत शिरू नये म्हणून बघतो. माती तीच, चाक तेच, हवा वेगळी. कुंडी अर्थातच घेतली नाही. विमानाच्या तेवीस किलोत काय काय बसवणार.

मला खरं आवडतं ते विंचकम, ग्लॉस्टरशरमधलं. तिथली जुनी पॉटरी बंद पडली होती, ती १९२६ मध्ये मायकल कार्ड्यू यांनी परत चालू केली. हे कार्ड्यू म्हणजे सेंट आइव्ह्जचे नावाजलेले कुंभार बर्नार्ड लीच यांचे शिष्य, पण गुरूनं जपानचं बोट धरलं तर या शिष्याला इंग्लिश शेतकऱ्याच्या घरातली भांडी करायची होती, सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे बुधले, दुधाचे जग, सारण भरलेले ते इंग्लिश 'पाय' भाजायच्या थाळ्या. जुन्या पॉटरीतला एलायजा कम्फर्ट नावाचा म्हातारा कारागीर त्यांना मिळाला, तो चाकावर बसला आणि काम सुरू. पुढे कार्ड्यू आफ्रिकेत गेले. नायजेरियात त्यांच्याकडे आलेल्या लादी क्वाली या बाई तर त्यांची पारंपरिक मडकी चाकाशिवायच घडवायच्या, मडक्याभोवती स्वतःच फिरायच्या. त्यांचं चित्र आज तिथल्या वीस नायराच्या नोटेवर आहे. नोटेवर कुंभारीण! आपल्याकडे कुंभारणीला चाकाला हात लावू देत नव्हते पूर्वी.

विंचकमला एक मुलगी मगला कान, म्हणजे धरायची कडी, बसवत होती, ते मी इतका वेळ बघत उभी राहिले की नवरा बाहेर जाऊन दोन फोन करून आला. मातीचा लांबुळका गोळा डाव्या हातात उलटा धरायचा, उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि मुठीतून खाली ओढायचा, परत पाणी, परत ओढायचा, हळूहळू त्याची लांब पातळ पट्टी लोंबायला लागते. तिचं वरचं टोक मगला दाबायचं, पट्टी वळवायची, खालचं टोक टेकवायचं आणि अंगठ्यानं एकदाच पुसायचं. त्या अंगठ्याचा खळगा तसाच राहतो, भाजल्यावरसुद्धा. मी शेल्फवरच्या मगांच्या त्या खळग्यात माझा अंगठा घालून बघत होते. एकात बसला नीट. तोच घेतला. सेकंड्सच्या, म्हणजे किरकोळ दोष राहिलेल्या मालाच्या शेल्फवरचा होता, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, एका बाजूला थोडं कमी लागलेलं, पण वाजवून घेतला.

आणि मला ग्लेझ मधाच्या रंगाचंच लागतं, जुन्या इंग्लिश स्लिपवेअरचं, म्हणजे पातळ रंगीत मातीनं सजवलेल्या भांड्यांचं असतं ना, तपकिरी पिवळं, ओलं असल्यासारखं चमकणारं. म्युझियममध्ये काचेआड ते जग असतात त्यांच्यावरून नजर हलत नाही माझी. तसं आता बनत नाही फारसं, विंचकमनंही पुढे स्टोनवेअर धरलं, जास्त आचेवर दगडासारखं घट्ट भाजलेलं, ते टिकाऊ पण जरा मुकं वाटतं मला.

स्टोक-ऑन-ट्रेंटला मात्र नवरा आपणहून आला, कारण ते शहर, रस्ते रुंद. लाँगटनला ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम आहे, जुना कारखानाच जपून ठेवलाय. विटांच्या बाटलीसारख्या प्रचंड भट्ट्या, एकेकाळी या शहरात अशा हजारो होत्या, धुरानं दिवसा दिवे लावायला लागायचे म्हणतात. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला, गॅस आणि वीज आली, आता पन्नासही उरल्या नाहीत. भांडी ज्या जाड मातीच्या डब्यांत भरून भाजायचे ते सॅगर, आणि त्या डब्यांचे तळ ठोकून सपाट करणाऱ्या पोराचं पद 'सॅगर मेकर्स बॉटम नॉकर'. नवऱ्याला हे इतकं आवडलं की लेकीच्या घरी जाईपर्यंत तेच. हे भरलेले सॅगर डोक्यावर घेऊन माणसं शिडी चढायची, टोपीत कापडाची गुंडाळी घालून. चुंबळच की ती!

याच शहरातल्या बर्स्लेमला लॉकवुड किपलिंग काम करायचे, जवळच्या रुडयार्ड तळ्याकाठी त्यांना बायको भेटली, मग १८६५ मध्ये दोघं मुंबईला आले, जेजेमध्ये. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची ती शेतकऱ्यांची शिल्पं त्यांची. मुलाला तळ्याचं नाव दिलं. मी वर्षानुवर्षं त्या दाराखालून आंबे घेऊन गेले, मान वर करून बघितलं नाही कधी.

म्युझियमच्या शेवटी एक डॉक्टरचं घर आहे. ग्लेझ म्हणजे शिसं, हे मला ऐकून माहीत होतं, पण ते भांडी ग्लेझमध्ये बुडवणाऱ्यांच्या हातातून, जेवणातून अंगात जायचं, मनगटं लुळी पडायची, डोळे जायचे, बायकांची मुलं पोटातच जायची. बायका आणि पोरीही असायच्या या कामात. बहुतेक भांड्यांना शिसं न घालता चालेल असं १८९९ मध्ये सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञांनी लिहून दिलं होतं. कच्च्या शिशाच्या ग्लेझवर बंदी आली १९४७ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या साली. मधली जवळपास पन्नास वर्षं कारखानदार म्हणत राहिले की त्याशिवाय चकाकी येत नाही, गिऱ्हाईक घेत नाही.

ते खोटं नसावं. गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखंच कोणीतरी असणार ना.