ऐरोलीच्या दिव्यांखाली उतरलेले पतंग

पावसाने पहिली मोठी उघडीप दिली त्या आठवड्यात, ऐरोलीत खाडीलगत असलेल्या एका गृहसंकुलाच्या सेक्रेटरींचा सकाळी सकाळी फोन आला. गेटजवळच्या मोठ्या दिव्यांखाली रात्रभर पाखरांचा खच पडला होता, रहिवासी धास्तावले होते आणि धूर फवारणाऱ्या माणसाला दुपारची वेळही देऊन झाली होती. "मॅडम, त्याआधी तुम्ही एकदा बघून सांगा, ही इथे घर करणार आहेत का?" एवढेच त्यांना हवे होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारते.

पतंग ओळखायला वेळ लागला नाही. पुढचे पंख मातकट करडे, पण चिमटीने ते बाजूला केले की मागच्या काळ्या पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे दिसत. हे हायब्लिया प्युरा, म्हणजे सागाची पाने खाणाऱ्या अळीचे पतंग. येऊरच्या बाजूला पावसाळ्यात सागाच्या पानांची जाळी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही अळी माहीत असते. तीच अळी ठाणे खाडीच्या कांदळवनातील तिवरही खाते. केरळात निलांबूरच्या सागवनांमध्ये या किडीचा अनेक दशके अभ्यास झाला आहे. तिथल्या निरीक्षणांनुसार ज्या वनात पतंग कोशातून बाहेर पडतात तिथे ते सहसा थांबत नाहीत, थव्याने दुसरीकडे जातात. तेव्हा सेक्रेटरींच्या प्रश्नाचा खरा अर्थ असा होता की, हे पतंग वाटेवर आहेत की मुक्कामाला आले आहेत. त्याचे उत्तर पंखांवरून मिळत नाही, ते मादीच्या पोटात पाहावे लागते.

स्थलांतर करणाऱ्या अनेक पतंगांच्या माद्या कोशातून बाहेर येतात तेव्हा त्यांचा अंडाशय अपक्व असतो आणि पोट चरबीने भरलेले असते. ही चरबीच उड्डाणाचे इंधन आहे. उडताना विशिष्ट संप्रेरकाच्या प्रभावाने ती सुटी होते आणि रक्तातून छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. अंड्यांच्या बलकासाठी लागणारी प्रथिनेही याच चरबीच्या पेशींमध्ये तयार होतात, त्यामुळे एकाच कोठारावर दोन मागण्या येतात. कोणती मागणी आधी पुरवायची, हे मेंदूमागच्या दोन बारीक ग्रंथींतून स्रवणाऱ्या जुवेनाईल हॉर्मोनच्या पातळीवर बरेचसे अवलंबून असते. पातळी कमी असेपर्यंत मादी उडत राहते आणि ती वाढली की अंडी पक्व होऊ लागतात. लष्करी अळीच्या, म्हणजे मिथिम्ना सेपराटाच्या, मादीमध्ये कोशाबाहेर आल्यानंतरचा पहिला दिवस फार नाजूक असतो. त्या दिवशी उपासमार झाली तर तिचा कल प्रवासाकडून अंड्यांकडे वळू शकतो.

गोळा केलेले पतंग बर्फाच्या डब्यात घालून आम्ही प्रयोगशाळेत आणले. माझी विद्यार्थिनी सलाईनच्या थेंबात एकेका मादीचे पोट उघडत होती आणि मी मायक्रोस्कोपखाली पाहून नोंदी करत होते. निम्म्याहून अधिक माद्यांच्या पोटात पांढरट चरबीचे गच्च पुंजके होते आणि त्यांच्याखाली अंडाशयाच्या नळ्या, दोन्ही बाजूंना चार-चार, जेमतेम दिसतील इतक्या बारीक आणि पारदर्शक. नराने मिलनाच्या वेळी दिलेली शुक्राणूंची पुडी त्यांच्यात कुठेच नव्हती. या माद्या तरुण होत्या, मिलनाआधीच्या होत्या आणि बहुधा पुढे जाणाऱ्या होत्या. रात्री पावसाची सर आली नसती तर त्या दिव्याकडे खाली उतरल्याच नसत्या, असा माझा अंदाज आहे. उंचावरून जाणारे कीटक दिव्याच्या सापळ्यात फारसे सापडत नाहीत, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. दिव्याखाली पडलेला नमुना म्हणजे सगळा थवा नव्हे.

सेक्रेटरींना मी दुपारच्या आतच कळवले की फवारणी नको. बहुतेक पतंग वाटसरू आहेत, धुराने मरतील ते इतरच किडे आणि त्यांना खाणारे कोळी. त्याऐवजी काही रात्री गेटचे पांढरे दिवे बंद ठेवून पिवळे लावा. त्यांनी ते मान्य केले, थोडी कुरकुर करूनच.

तेवढ्यात विद्यार्थिनीने हाक मारली, "मॅडम, हिचं काहीतरी वेगळंच आहे." डब्यातली ती मादी मी आधी बाजूलाच टाकली असती, इतके तिचे पंख विटलेले होते, कडा फाटलेल्या, खवले झडून मधली त्वचा काचेसारखी उघडी पडलेली. झडलेले खवले परत येत नाहीत, त्यामुळे पंखांची झीज हा पतंगाच्या वयाचा ठोकळ पुरावा मानता येतो. तिच्या पोटातली चरबी जवळजवळ संपली होती आणि नळ्यांत पक्व अंडी ओळीने बसली होती. शुक्राणूंच्या दोन पुड्या होत्या, म्हणजे मिलन किमान दोनदा झाले होते. एवढे होऊनही तिच्या छातीचे उड्डाणस्नायू भरदार आणि घट्ट होते, आणि बर्फात ठेवण्यापूर्वी ती बरणीत जोरात फडफडत होती, हे आम्ही दोघींनी पाहिले होते.

पुस्तकातला ठोकताळा असा की आधी प्रवास आणि मग अंडी. काही रातकिडे आणि झाडांचा रस शोषणाऱ्या ढेकण्यांमध्ये प्रवास संपल्यावर उड्डाणस्नायू खरोखरच विरघळवले जातात आणि ते प्रथिन अंड्यांकडे वळते. पतंगांमध्ये मात्र हा नियम इतका कडक दिसत नाही. अंडी एकाच जागी न घालता झाडाझाडावर विखरून घालायची असतील तर म्हातारपणीही उडता यायला हवे. शिवाय प्रत्येक अंड्याबरोबर मादीचे ओझे कमी होत जाते, हा तिचा फायदाच. याचे दुसरे टोक ऑस्ट्रेलियातील बोगाँग पतंगात दिसते. तो शेकडो किलोमीटर उडून डोंगरातील थंड गुहांत उन्हाळा काढतो, तिथे मिलन करत नाही आणि परत मैदानात आल्यावरच अंडी घालतो. पुनरुत्पादन लांबणीवर टाकल्यामुळे तो कित्येक महिने जगतो, आणि आमचा सागावरचा पतंग काही आठवड्यांतच संपतो.

उड्डाणाची झीज केवळ पंखांची नसते. स्नायूंत प्राणवायू प्रचंड वापरला जातो आणि त्यातून पेशींना घातक असे उपपदार्थ तयार होतात. मॅन्ड्युका या हॉक मॉथ गटातल्या पतंगावरील 2017 मधील संशोधनात असे दिसले की मधुरसातील साखरेचा काही भाग इंधन म्हणून न जळता या घातक पदार्थांना आवर घालणारी रसायने तयार करण्याकडे वळवला जातो. म्हणजे फुलावरचा मध त्याला पुढच्या रात्रीची ताकद देतो आणि त्याच्या स्नायूंचे आयुष्यही थोडे लांबवतो.

पंधरवड्याने दिवा जेट्टीकडील तिवरांच्या काही कोवळ्या पानांच्या कडा दुमडलेल्या दिसल्या आणि आत अळ्या होत्या. त्या कोणत्या माद्यांच्या, हे कोणीच सांगू शकणार नाही. थोड्या अळ्या पानांसकट आणून आम्ही वाढवल्या आणि कोशातून निघालेल्या माद्यांपैकी निम्म्यांना मधाचे पाणी, निम्म्यांना नुसते पाणी दिले. नुसत्या पाण्यावरच्या लवकर मेल्या. उघडून पाहिले तर त्यांच्याही नळ्यांत थोडी अंडी भरलेली होती, ती अर्थात अळी असताना तिवरावर खाल्लेल्या पानांच्या जोरावर.